तीस गावं आणि नऊ प्रश्न

नागपूरच्या बजाजनगरात सीआयआयएमएस हे मेंदूविकारांचं रुग्णालय आहे. तिथल्या प्रयोगशाळेनं याच शहरातल्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांबरोबर क्षयजन्य मेंदूज्वरावर बरीच वर्षं काम केलं. नीरी म्हटलं की आपल्याला सांडपाणी आणि धूर आठवतो. पण जिवाणूंचा अभ्यास दोघांच्या कामाचा होता, म्हणून जोडी जमली. या आजारात रुग्णाच्या पाठीच्या कण्यातून थोडं पाणी काढतात आणि त्यातलं एडीए नावाचं एन्झाइम मोजतात. आकडा वाढलेला असला की डॉक्टरांचा संशय बळावतो. निदान त्यावर एकट्यावर ठरत नाही, पण हातात धरायला काहीतरी असतं. नमुना, नळी, यंत्र, आकडा.

नैराश्याच्या बाबतीत यातलं काहीच नाही. रक्त काढून नैराश्य कळत नाही, एमआरआयमध्ये ते दिसत नाही. मग एखादा उपचार लागू पडतो की नाही, हे ठरवायचं कशावरून? शिवाय मनोविकारतज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी आणि माणूस पऱ्हाटीच्या वावरात, अशी स्थिती असेल तर उपचार त्याच्यापर्यंत न्यायचा कुणी? या दोन प्रश्नांची उत्तरं एकट्या डॉक्टरला, एकट्या संख्याशास्त्रज्ञाला किंवा एकट्या संस्थेला देता येत नाहीत. म्हणून हे संशोधन भागीदारीतच होतं. विदर्भात असं एक काम झालं. असं काम कसं चालतं, ते या लेखात पायरीपायरीनं पाहू.

त्याचं नाव 'विश्राम'. 'विदर्भ स्ट्रेस अँड हेल्थ प्रोग्रॅम' या लांबलचक नावाचं ते लघुरूप. जागा अमरावती जिल्ह्यातली ३० गावं. भागीदार असे : गोव्यात १९९६ साली सुरू झालेली 'संगाथ', नागपूरची 'प्रकृती' आणि पैसा पुरवणारे टाटा ट्रस्ट्स. शास्त्रीय बाजू डॉ. राहुल शिधये, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे होती. निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री' या नियतकालिकात छापून आले.

विदर्भच का, हे मराठी वाचकाला सांगायला नको. शेतकरी आत्महत्यांवर तोवर अहवाल, पॅकेजेस, दौरे सगळं झालं होतं. २००६ साली पंतप्रधानांनी सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात कर्ज होतं, सिंचन होतं, बियाणं होतं. झोप उडालेल्या माणसाशी बोलायचं कुणी, हा प्रश्न तसाच राहिला. तो विचारला की काही लोक रागावतात, आणि त्यांचा राग मला पटतो. कापसाला भाव नाही आणि तुम्ही शेतकऱ्याला मनाचा आजार चिकटवता काय, असं ते म्हणतात. पण कर्जानं माणूस खचतो हे खरं, तसं खचलेल्या माणसाला त्याच कर्जाचा साधा हिशेबही करता येईनासा होतो, हेही खरं. भावाची लढाई चालू असतानाच त्याच्या खचण्यावर इलाज करायला हरकत नसावी.

पहिली पायरी मोजण्याची. जगभर यासाठी पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली वापरतात. नऊ प्रश्न, सगळे गेल्या दोन आठवड्यांबद्दल. कशात रस वाटेनासा झालाय का, मन उदास आहे का, झोप, थकवा, भूक, स्वतःबद्दल वाईट वाटणं, लक्ष न लागणं, हालचाली मंदावणं किंवा उगाच अस्वस्थ असणं, आणि शेवटी, मरून गेलो तर बरं किंवा स्वतःला इजा करावी असं मनात येतं का. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण. कधीच नाही तर ०, जवळजवळ रोज असेल तर ३. बेरीज जास्तीत जास्त २७. साधारणपणे १० किंवा त्यावर गुण आले की नैराश्य असण्याची दाट शक्यता धरतात.

कागदावर हे पाच मिनिटांचं काम. प्रत्यक्षात अंगणात बसून करून पाहिलं की कळतं. बाई म्हणतात, "तसं काई नाई ताई, डोकं भनभन करते अन् रातभर झोप नाई येत." आता हे नेमकं कितव्या प्रश्नाचं उत्तर? सर्वेक्षक ताईंनी स्वतःच्या मनानं गुण टाकायचे नसतात. प्रश्न होता तसाच पुन्हा वाचायचा, आणि "दोन हप्त्यांत किती दिवस असं झालं?" एवढंच विचारायचं. तीन ताई तीन पद्धतींनी विचारू लागल्या तर तीन गावांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येणार नाहीत. म्हणून सर्वेक्षकांचं प्रशिक्षण कंटाळवाणं असतं आणि तसंच असावं लागतं. तोच प्रश्न, तोच सूर, तीच थांबण्याची जागा, दिवसभर.

शिवाय सासू शेजारी बसलेली असते. तिच्यासमोर सून काय सांगणार? अनुभवी सर्वेक्षक जोडीनं जातात. एक जण सासूबाईंकडून घरातल्या माणसांची, शेतीची माहिती लिहून घेत ओट्यावर बसतो, दुसरी सुनेला घेऊन आत जाते. नवव्या प्रश्नाचा नियम तर कडक असतो. तिथं शून्याशिवाय कुठलंही उत्तर आलं की प्रश्नावली बाजूला. पुढचे प्रश्न ठरलेले, फोन कुणाला करायचा ते ठरलेलं, आणि त्या माणसाला एकटं सोडून पुढच्या घरी जायचं नाही. संशोधन आपल्या जागी, पण समोरच्याचा जीव आधी.

प्रश्न कुणाला विचारायचे, हेही आधी ठरवावं लागतं. दुपारी बारा वाजता गावात गेलं तर पारावर म्हातारे भेटतात आणि घरात आजारी माणसं. कामकरी सगळे वावरात. त्यांनाच विचारून आकडा काढला तर तो गावाचा नसतो, दुपारी घरी असणाऱ्यांचा असतो. म्हणून नावं आधी यादीतून चिठ्ठ्यांच्या पद्धतीनं निवडतात. ज्याचं नाव निघालं त्यालाच गाठायचं, त्याच्या बदल्यात शेजारी चालत नाही. मग भल्या पहाटे नाहीतर दिवेलागणीनंतर फेऱ्या होतात. कापूस वेचणीच्या दिवसांत तर एकेका माणसामागे तीनदा जावं लागतं.

त्याआधी आणखी एक गोष्ट होते : संमती. ज्या संस्थेमार्फत संशोधन होतं तिच्या नैतिकता समितीनं आराखडा तपासलेला असतो. अशा समितीवर बाहेरचे लोकही असतात, एखादा कायद्याचा जाणकार, एखादा सामान्य नागरिक. परदेशी पैसा किंवा परदेशी विद्यापीठ असेल तर आयसीएमआरच्या व्यवस्थेतून आणखी एक चाळणी लागते. गावात संमतीपत्र वाचून दाखवायचं, लिहिता येत नसेल तर साक्षीदारासमोर अंगठा घ्यायचा. त्यात एक वाक्य हमखास असतं : तुम्ही नाही म्हटलंत तरी तुमच्या उपचारात काही फरक पडणार नाही. हे वाक्य घाईघाईनं वाचलं जातं, असं माझं मत आहे. खरं तर सगळ्यात सावकाश तेच वाचायला हवं.

मोजून झालं की दुसरी पायरी, उपचार. इथं 'विश्राम'सारख्या कामांची घडी उलटी असते. आपल्याकडे रुग्ण आधी मोठ्या डॉक्टरकडे जातो. इथं सुरुवात गावातूनच होते. पहिल्या पायरीवर गावपातळीवरचे कार्यकर्ते. ते छोट्या बैठका घेतात, झोप, ताण, दारू यांवर बोलतात, कुणाचं बरं नाही ते ओळखतात आणि ऐकून घेतात. त्यांच्यावरच्या पायरीला समुपदेशक. हे डॉक्टर नसतात, मानसशास्त्राची पदवी असतेच असं नाही, पण एकाच उपचारपद्धतीचं पक्कं प्रशिक्षण घेतलेले असतात. सर्वांत वर मनोविकारतज्ज्ञ. ज्यांना औषधाची गरज आहे, ज्यांचा आजार गुंतागुंतीचा आहे, तेवढेच त्यांच्यापर्यंत जातात. तज्ज्ञाचा वेळ दुर्मीळ आहे, तो जपून वापरायचा, हा यामागचा हिशेब.

समुपदेशक नेमकं करतात काय? "धीर देतात" एवढंच उत्तर असेल तर ते संशोधन नव्हे, कारण धीर मोजता येत नाही. 'संगाथ'नं गोव्यात जी पद्धत घडवली, तिचा गाभा कृतीत आहे. नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. भजनाला जाणं बंद, बहिणीकडे जाणं बंद, मग आंघोळही उशिरा. जितकं सोडावं तितकं मन आणखी खाली जातं. मन सुधारायची वाट न पाहता आधी कृती परत आणायची, तीही अगदी छोटी.

समजा, पंचेचाळिशीच्या एक काकू आहेत. गुण १६. पहिल्या भेटीत समुपदेशक ताई विचारते, "काकू, सकाळपासून सांगा, दिवस कसा जाते?" काकू सांगतात, ताई लिहिते. चूल, शेळ्या, वेचणी, संध्याकाळी भिंतीला टेकून बसणं. ताई प्रत्येक गोष्टीसमोर विचारते, तेव्हा कसं वाटलं? शेळ्या चारताना जरा बरं वाटतं, असं काकूंच्याच बोलण्यातून निघतं. "अन् पहिले संध्याकाळी काय करत होत्या तुम्ही?" पहिले म्हणजे पूर्वी, जावेकडे जात होत्या. मग ठरतं : येत्या आठवड्यात मंगळवारी आणि शुक्रवारी, दिवे लागायच्या आधी, अर्धा तास जावेकडे. वार ठरतो, वेळ ठरते, कागदावर खूण होते. पुढच्या आठवड्यात पहिला प्रश्न तोच : गेल्या होत्या का?

नव्हत्या गेल्या. सोसायटीचा माणूस आला होता वसुलीला, त्या दिवसापासून पाय उचलला नाही. इथं ताईची कसोटी लागते. "जायला पाहिजे होतं न काकू" असं म्हटलं की काम बिघडलं. पद्धतीत त्यासाठी जागा आहे. अडचणी दोन भागांत मांडायच्या, आपल्या हातातल्या आणि हाताबाहेरच्या. कर्ज आज फिटणार नाही, पण पुनर्गठनाचा अर्ज कुठं मिळतो ते विचारून येता येईल, मुलाला सोबत घेता येईल. ताई उत्तर देत नाही, काकूंकडूनच काढून घेते. अशा सहा ते आठ भेटी, साधारण आठवड्याला एक. दर भेटीत तेच नऊ प्रश्न पुन्हा विचारायचे. १६ चे १३, मग १४, मग ९. मधला चढही तसाच लिहायचा.

ताई हे नीट करते आहे की नाही, हे कसं कळणार? गोव्याच्या कामात भेटींचं ध्वनिमुद्रण रुग्णाच्या परवानगीनं होत असे. समुपदेशक एकत्र बसून एकमेकांची मुद्रणं ऐकत आणि ठरलेल्या निकषांवर गुण देत. सुरुवातीला तज्ज्ञ सोबत असत, पुढे आपसांत. हा भाग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. औषधाच्या गोळीत किती मिलिग्रॅम आहे ते वेष्टनावर छापलेलं असतं, बोलण्याच्या उपचारात ते असं ऐकूनच कळतं. आपल्याकडे रोज उठून 'समुपदेशन शिबिरं' होतात. त्यातल्या किती जणांचं बोलणं कुणी ऐकून तपासतं?

आता तिसरी पायरी. उपचार सुरू झाल्यावर पुन्हा सर्वेक्षण. 'विश्राम'मध्ये दोन पाहण्यांत १८ महिन्यांचं अंतर होतं. त्यांनी पाहिलेला मुख्य आकडा "किती जण बरे झाले" हा नव्हता. नैराश्य असलेल्यांपैकी किती जण कुठल्याही उपचारासाठी कुणाकडे पोहोचले, हा होता. सुरुवातीला ४.३ टक्के. नंतर २७.२ टक्के. नैराश्याचं प्रमाणही १४.६ वरून ११.३ टक्क्यांवर आलं आणि वर्षभरात आत्महत्येचे विचार मनात आलेल्यांचं ५.२ वरून २.५ टक्क्यांवर.

टक्के डोळ्यांसमोर उभे राहत नाहीत, म्हणून ढोबळ माणसं मोजू. हजार प्रौढ घ्या. पहिल्या वेळी त्यांतले १४६ जण नैराश्यात होते आणि त्यांतले फक्त सहा कुणाकडे तरी गेले होते. बाकीचे १४० घरीच. दुसऱ्या वेळी ११३ जण नैराश्यात आणि ३१ जण मदतीपर्यंत पोहोचलेले. सहाचे एकतीस झाले ही मोठी गोष्ट आहे. ८२ अजूनही घरीच आहेत, हेही त्याच आकड्यात आहे.

आता एक शंका : हे 'विश्राम'मुळेच झालं कशावरून? त्या दीड वर्षात पाऊस बरा झाला असेल, एखादी कर्जमाफीची बातमी आली असेल. या पाहणीत तुलनेसाठी उपचाराविना ठेवलेली वेगळी गावं नव्हती. आधी आणि नंतर, एवढंच होतं. उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांच्या आकड्यावर मी बराच विश्वास ठेवीन, कारण चांगल्या पावसानं कुणी समुपदेशकाकडे जायला लागत नाही. नैराश्य उतरल्याच्या आकड्यावर मात्र जरा सांभाळूनच.

ही शंका फेडायची तर चिठ्ठ्या टाकाव्या लागतात, आणि ते गोव्यात झालं. २०१३ ते २०१५ या काळात तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेले ४९५ रुग्ण निवडले. कुणाला समुपदेशन मिळणार आणि कुणाला नेहमीचे थोडे सुधारलेले उपचार, हे डॉक्टरनं ठरवायचं नाही, रुग्णानंही नाही. अशा चाचण्यांत क्रमांक टाकलेले, आरपार न दिसणारे बंद लिफाफे असतात. रुग्णाचं नाव नोंदल्यावरच त्याचा लिफाफा उघडतो. नाहीतर बरे होण्याजोगे रुग्ण नकळत आपल्या आवडत्या गटात ढकलले जातात. परिणाम मोजणाऱ्यालाही कोण कुठल्या गटात ते सांगत नाहीत. तीन महिन्यांनी समुपदेशनाच्या गटातले ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटातले ३९ टक्के. दुसरा आकडा लक्षात ठेवा. समुपदेशनाशिवायही ३९ जण शंभरातले सावरले. हा गट नसता तर सगळं श्रेय समुपदेशनाच्या खात्यावर गेलं असतं.

त्याच्याही आधीची गोव्यातलीच एक चाचणी, नाव 'मानस', २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये आलेली. तिचा निकाल गमतीदार आहे. सरकारी केंद्रांत समुपदेशकासह मिळून केलेल्या उपचारानं सहा महिन्यांनी सुमारे ६६ टक्के रुग्ण बरे झाले, नेहमीच्या पद्धतीनं ४२.५ टक्के. खासगी डॉक्टरांकडे मात्र दोन्ही गट सारखेच, ६४ आणि ६६. खासगी फॅमिली डॉक्टर नेहमीचेच उपचार बरे करत असावेत, किंवा त्यांच्याकडे जाणारे रुग्णच वेगळे असावेत. असा अर्धवट फसलेला निकाल संशोधकांनी न लपवता छापला, हे महत्त्वाचं. त्यावरून कळलं की पैसा आधी कुठं घालायचा : सरकारी केंद्रात.

नागपूरकडे परत येऊ. आपलं प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासूनचं. राज्यात अशी चार, ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि हे. इथं २०१६ पासून राज्य सरकार आणि टाटा ट्रस्ट्स यांनी 'उडान' नावानं सुधारणेचं काम सुरू केलं. रुग्णालयाजवळच्या चौकाला अजूनही लोक ज्या नावानं ओळखतात ते इथं लिहीत नाही, नागपूरकरांना ठाऊक आहे. रिक्षावाल्याला तेच नाव सांगावं लागतं, तर तिथं कुणी आपल्या आईला उपचाराला का नेईल? गावातल्या अंगणात सुरू होणारा उपचार म्हणूनच केवळ स्वस्त पर्याय नव्हे.

यातला सगळ्यांत नाजूक दुवा शेवटचा आहे : प्रकल्प संपल्यावर काय? देणगीचा काळ संपतो, निबंध छापून येतो, समुपदेशक दुसरी नोकरी शोधतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात आहे. राज्यानं २०१५ मध्ये १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, त्यात आशाताईंनी घरोघर प्रश्नावली भरून घेतली. म्हणजे रचना आहे, माणसंही आहेत. नाहीत ते दोन गोष्टींसाठी पैसे : समुपदेशकांचं बोलणं तपासणारी देखरेख, आणि दीड-दोन वर्षांनी तेच नऊ प्रश्न घेऊन पुन्हा त्याच गावात जाणं. अंदाजपत्रकात पहिली कात्री यांनाच लागते, कारण फीत कापायला त्यात काही नसतं. माझ्या मते आशाताईंवर नवं काम लादण्याआधी सरकारनं या दोन गोष्टींची तरतूद करावी. नाहीतर भरलेल्या प्रश्नावल्यांचे गठ्ठे तेवढे साठतील.

तुमच्या दारी कुणी असा कागद घेऊन आलं तर हाकलून देऊ नका, पण चार गोष्टी विचारा. नैतिकता समिती कुठली? माझं नाव कुणाला कळणार? मी नाही म्हटलं तर चालेल ना? आणि माझे गुण जास्त आले, तर आज मला मदत कोण करणार? शेवटच्या प्रश्नाचं सरळ उत्तर मिळालं नाही तर सही करू नका. आणि कुणी कागद घेऊन यायची वाट पाहण्याइतका धीर घरातल्या कुणात उरला नसेल, तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासूनची ही सरकारी सेवा (गोव्याच्या 'मानस'शी तिचं फक्त नावापुरतं साम्य). फोन फुकट लागतो, चोवीस तास लागतो, आणि मराठीत बोलता येतं.